मोठ्या क्रूझवर ऐसपैस केबिन आणि कमी गर्दी: आम्ही निवड कशी करतो

जहाज कितीही मोठं असलं तरी त्यातलं आपल्या वाट्याला किती येतं, ते भागाकार केल्याशिवाय कळत नाही. म्हणून बुकिंगला बसलो की फोटो बाजूला ठेवून आम्ही आधी दोन आकडे काढतो: जहाजाचं ग्रॉस टनेज आणि दर खोलीत दोन माणसं धरून होणारी प्रवासीसंख्या. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. टनेज म्हटलं की वजन डोळ्यांसमोर येतं, पण १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ग्रॉस टनेज हे जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढतात. त्यामुळे भागाकार करून जो आकडा येतो तो माणशी जागेचा बऱ्यापैकी प्रामाणिक अंदाज असतो.

२०२४ मध्ये सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ घ्या. टनेज २,४८,६६३, प्रवासी ५,६१०, म्हणजे माणशी सुमारे ४४. ‘क्वीन मेरी २’ त्याच्यापुढे लहान, १,४९,२१५ टनेजचं. पण प्रवासी २,७०० च्या आसपास, म्हणून आकडा ५५ वर जातो. कार्निव्हल कंपनीचं ‘मार्डी ग्रा’ ३४-३५ च्या घरात बसतं. आमचा ढोबळ हिशोब असा: ३५ च्या खाली गेलं की गर्दी जाणवणारच, ४० ते ४५ मध्ये नियोजन केलं तर निभावतं, आणि ५० च्या वर वेळापत्रकाची फार काळजी करावी लागत नाही.

या आकड्यात दोन खोड्या आहेत. एक म्हणजे तो दोघांच्या हिशोबाने असतो, आणि सुट्ट्यांत खोल्यांमधले सोफे आणि छतातून खाली येणारे पलंगही भरतात. ‘आयकॉन’ची कमाल क्षमता ७,६०० आहे. तेवढी माणसं चढली तर ४४ चा आकडा ३३ च्याही खाली येतो. जहाज तेच, डेक तेच. फक्त शाळांना सुट्टी लागलेली असते. दुसरी खोडी अशी की उघडे डेक बंदिस्त जागेत धरले जात नाहीत. भरपूर मोकळे डेक असलेलं जुनं जहाज कागदावर दाटीचं दिसतं आणि प्रत्यक्षात बरं निघतं.

त्यामुळे जहाजाइतकीच तारीख महत्त्वाची. शाळांच्या सुट्ट्या आणि वर्षअखेरचे पंधरा दिवस आम्ही वगळतोच. तीन-चार रात्रींच्या, शनिवार-रविवार धरून असलेल्या सफरी सगळ्यात खच्चून भरतात आणि त्यांत मुलं व मोठमोठे गटही जास्त असतात. सात रात्रींच्या पुढे गेलं की एका खोलीत चार-चार जण असण्याचं प्रमाण उतरतं. ऋतू बदलताना जहाज एका भागातून दुसऱ्या भागात हलवतात, त्या एकमार्गी सफरींत समुद्रावरचे दिवस जास्त असतात. ज्यांना बंदरांचं फार नाही त्यांच्यासाठी हा उत्तम मार्ग, मात्र सगळा वेळ जहाजावरच जाणार हे धरून चालायचं.

आता खोली. इनसाइड, म्हणजे बाहेर खिडकी नसलेल्या खोल्या साधारण १४० ते १७० चौरस फुटांच्या, बाल्कनीवाल्या १८० ते २०० च्या आणि वर ४० ते ५५ चौरस फुटांची बाल्कनी. वाचताना पहिली शंका ही घ्यायची की दिलेल्या आकड्यात बाल्कनी धरली आहे का. काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी वेगळी देतात, आणि ‘२३५ चौरस फूट’ वाचून हरखलेला माणूस आत शिरतो तेव्हा नेहमीचीच खोली समोर असते. सेलिब्रिटी कंपनीच्या ‘एज’ वर्गातल्या जहाजांवर बाल्कनी खोलीतच सामावून घेतली आहे. बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. आकड्यात खोली मोठी होते, पण खऱ्या अर्थाने उघड्यावर बसण्याची सोय जाते. ज्याला उघड्यावर बसायचंय त्याने ती घेऊ नये. ज्याला आत फिरायला जागा हवी त्याला ती पटते.

चौरस फुटांपेक्षा आम्ही मांडणी जास्त बघतो. बहुतेक जहाजांवरच्या खोल्या कारखान्यात तयार डब्यांसारख्या बनवून आत सरकवलेल्या असतात, त्यामुळे रुंदी जवळजवळ सारखीच, सुमारे नऊ फूट. फरक पडतो तो पलंग कुठे आहे त्याने. एका खोलीत पलंग बाल्कनीजवळ आणि सोफा कपाटाकडे, तर शेजारच्या खोलीत नेमकं उलट. पलंग कपाटाला लागून असेल तर दोघांपैकी एकजण कपडे काढत असताना दुसऱ्याला पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागतं. कपाटाकडे सोफा असेल तर सकाळची लगबग सुटसुटीत होते, पण पलंगावरच्याला ओलांडून बाल्कनीत जावं लागतं. दोघांपैकी एक पहाटे उठणारा असेल तर आम्ही कपाटाजवळचा पलंग पत्करतो, म्हणजे तो बाल्कनीत गेला तरी दुसऱ्याची झोप मोडत नाही. हे कंपनीच्या साइटवर क्वचितच लिहिलेलं असतं. डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, खोलीचा आराखडा मोठा करून बघावा लागतो किंवा एजंटला खोली क्रमांक देऊन विचारावं लागतं.

त्याच दरात जास्त जागा हवी असेल तर मागच्या टोकाच्या खोल्या बघाव्यात. मागे तोंड करून असलेल्या बाल्कन्या बऱ्याच जहाजांवर खोल असतात आणि कोपऱ्यातल्या खोलीला दोन बाजूंनी वळणारी बाल्कनी मिळते. त्यांची किंमतही मोजावी लागते: प्रोपेलरची थरथर, कधीमधी धुराड्याची काजळी, आणि तीनशे मीटरच्या वर लांबी असलेल्या जहाजावर नाट्यगृह नेमकं पुढच्या टोकाला. शिवाय मागच्या बाल्कन्या पायऱ्यांसारख्या उतरत्या असतील तर वरच्यांना खालचे दिसतात. काही जहाजांचा मधला भाग बाहेर फुगलेला असतो. त्या फुगवट्याच्या उतारावरच्या बाल्कन्या तिरक्या आणि इतरांपेक्षा मोठ्या असतात. डेक प्लॅनवर बाहेरची रेघ जिथे सरळ न राहता वळते तिथे बोट ठेवून खोल्या मोजायच्या. सरावलेले प्रवासी या खोल्या बुकिंग उघडताच उचलतात, आणि बुकिंग उघडतं सफरीच्या दीड-दोन वर्षं आधी.

एवढ्या आधी ठरवणं जमलं नाही तर दुसरी संधी शेवटचा हप्ता भरायच्या मुदतीच्या आसपास येते. ती साधारण तीन महिने आधी असते, कंपनीगणिक बदलते. ज्यांचा बेत रद्द होतो ते मुदतीच्या आदल्या दिवसापर्यंत थांबतात आणि मग चांगल्या खोल्या अचानक पुन्हा यादीत दिसायला लागतात. त्या आठवड्यात रोज एकदा डोकवायचं. आपलं बुकिंग आधीच असेल तर खोली बदलून मागता येते, पण जुना दर आणि त्यासोबतच्या सवलती टिकतात का हे विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

दिव्यांगांसाठीच्या खोल्या जास्त रुंद असतात, आणि ‘रिकामी दिसतेय तर घेऊ’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नये आणि घेऊही नये. गरज असलेल्याला जहाजावर दुसरा पर्याय नसतो, आणि कंपनी ऐनवेळी आपल्याला हलवू शकते ते वेगळंच.

खोलीचा क्रमांक पक्का करण्याआधीची पायरी आमच्या मते सगळ्यात मोलाची. खोलीला सहा शेजारी असतात: डावा, उजवा, समोरचा, मागचा, वरचा आणि खालचा. डेक प्लॅनची तीन पानं शेजारी-शेजारी उघडायची, आपला मजला, वरचा आणि खालचा. जुळवताना लिफ्ट आणि जिने खूण म्हणून धरायचे, कारण ते सगळ्या मजल्यांवर एकाच जागी असतात. मग आपल्या खोलीपासून लिफ्टपर्यंत किती दारं येतात ते मोजून वरच्या मजल्यावर तेवढंच अंतर घ्यायचं. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर झोप शाबूत. वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे पाचलाच डेक धुणं सुरू होतं आणि खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून सरळ खाली येतो. वर बुफे असेल तर ढकलगाड्यांची चाकं. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री बारा-एकपर्यंत बासचे ठोके. गाणं ऐकू येत नाही, ठोके तेवढे गादीतून जाणवतात.

प्लॅनवर काहीच न लिहिलेली पांढरी जागा दिसली की सावध व्हायचं. ती रिकामी नसते. तिथे भटारखाना, पँट्री, सामानाच्या लिफ्ट किंवा कर्मचाऱ्यांचं दार असतं, आणि ती दारं रात्रभर उघडझाप करतात. दोन खोल्यांच्या मध्ये उलटसुलट बाण किंवा छोटी रेघ असेल तर आत दोन खोल्या जोडणारं दार आहे; त्या दारातून शेजारचं बोलणं जवळजवळ शब्दशः ऐकू येतं. एकत्र आलेल्या मोठ्या कुटुंबाला हेच दार वरदान असतं, एरवी टाळावं. लिफ्टजवळची खोली मात्र वाटते तितकी वाईट नसते. लिफ्ट वेगळ्या चौकात असते; तिथून आत तीन-चार दारं सोडून खोली घेतली की चालणंही वाचतं आणि गोंगाटही येत नाही.

सगळ्यात पुढच्या, खालच्या डेकवरच्या खोल्यांना नांगराची साखळी आणि धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणाऱ्या थ्रस्टरची घरघर सोसावी लागते, तीही सकाळी सहाच्या सुमारास. बोट लागणाऱ्यांनी मध्यभागी आणि शक्य तितकं खाली राहावं. जहाजाच्या दोन्ही अंगांना असलेले स्टॅबिलायझर डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पण पुढचं टोक वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. लाइफबोटींच्या ओळीत किंवा तिच्या लगेच वर असलेल्या खोल्यांना ‘ऑब्स्ट्रक्टेड’, म्हणजे समोरचं दृश्य अडलेल्या, म्हणतात. तिथे फोटो शोधून बघण्याला पर्याय नाही: कुठे बोट समोर भिंतीसारखी उभी असते, तर कुठे फक्त खाली वाकल्यावर तिचं नारिंगी छप्पर दिसतं आणि दर मात्र तेवढाच उतरलेला. दुसऱ्या प्रकारातली खोली मिळाली तर सोडू नये.

हे सगळं करायचं असेल तर ‘गॅरंटी’ प्रकारातलं बुकिंग घेऊ नये. त्यात वर्ग आपण निवडतो, खोली कंपनी देते, आणि इतरांनी निवडून उरलेल्यांतलीच येण्याची शक्यता जास्त. बोली लावून वरचा वर्ग मिळवण्याच्या योजनेतही हीच गोम आहे. बोली मान्य झाली की पैसे कापले जातात आणि क्रमांक त्यांच्या मर्जीचा. शांत मजल्यावरची हेरून घेतलेली साधी बाल्कनी सोडून तलावाखालचा मोठा वर्ग पदरात पडला, तर तो सौदा तोट्याचाच.

चौघांच्या कुटुंबाने एका खोलीत चार पलंग घेण्याआधी दोन खोल्यांचा दर विचारावा. समोरासमोर एक बाल्कनी आणि एक इनसाइड घेतली तर जागा जवळजवळ दुप्पट होते, दोन न्हाणीघरं मिळतात आणि एकाला दिवसा अंधारात झोपता येतं. अनेक कंपन्यांना बुकिंगमध्ये प्रत्येक खोलीत एक प्रौढ दाखवावा लागतो; चढल्यावर चाव्यांची अदलाबदल स्वागतकक्षात करून मिळते.

पैसे सैल सोडायची तयारी असेल तर मोठ्या जहाजातलं छोटं जहाज हा पर्याय आहे. नॉर्वेजियन कंपनीच्या बऱ्याच मोठ्या जहाजांवर ‘द हेवन’, एमएससी कंपनीच्या मोठ्या जहाजांवर ‘यॉट क्लब’ नावाचा राखीव भाग असतो. वेगळा तलाव किंवा सूर्यस्नानाचा डेक, वेगळं रेस्टॉरंट, वेगळी बैठकीची खोली, आणि चढण्या-उतरण्यात प्राधान्य. यॉट क्लबमध्ये इनसाइड खोल्याही असतात. खोली लहान, पण बाकी सगळ्या जागा खुल्या. आमच्या मते गर्दी टाळण्यासाठी पैशाचा सगळ्यात चोख वापर हाच. मात्र उरलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. थोड्या लोकांसाठी मोठा तुकडा कापून ठेवला की बाकीच्यांचा माणशी आकडा वर काढला तेवढा उरत नाही. अशा जहाजावर साधी खोली घेणार असू तर आम्ही मनातल्या मनात दोन-तीन अंक वजा करतो.

खोली झाली, आता गर्दी. जहाजावर गर्दी होते ती बहुतांशी वेळापत्रकामुळे. पाच हजार माणसांना एकच कागद मिळतो आणि ती त्याप्रमाणे एकाच वेळी हलतात. म्हणून रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम ॲपवर आला की आम्ही तो उलटा वाचतो: कोणत्या वेळी लोक कुठे असतील, आणि म्हणून कुठली जागा रिकामी राहील.

ऑनलाइन चेक-इन उघडतं त्या दिवशी, उघडतं त्या तासाला बसायचं, कारण चढण्याच्या वेळा तेव्हाच वाटल्या जातात. एकतर सगळ्यात पहिली वेळ घ्यावी, नाहीतर सरळ शेवटच्या तासातली. मधल्या बारा ते दोनमध्ये रांग सगळ्यात लांब असते. ॲपमधून नाटकं, बर्फावरचे शो, रेस्टॉरंटं आधी राखता येत असतील तर ती घरूनच राखून ठेवायची. चढल्याबरोबर सगळे बुफेकडे धावतात, कारण खोल्या दुपारी उघडतात आणि हातात पिशव्या असतात. त्याच वेळी अनेक जहाजांवर मुख्य जेवणघर किंवा खालच्या डेकवरचा छोटा कॅफे उघडा असतो आणि तिथे मोकळी टेबलं मिळतात. मस्टर ड्रिल, म्हणजे संकटकाळी कुठे जमायचं त्याची कवायत, आता बऱ्याच जहाजांवर फोनवर चित्रफीत बघून आणि आपल्या ठिकाणी जाऊन कार्ड दाखवून पुरं होतं. ते चढल्या-चढल्या उरकावं, शेवटच्या अर्ध्या तासात तिथेही रांग लागते. त्यातून सुटका नाही: ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या क्रूझ जहाजाच्या २०१२ च्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच व्हावीच लागते. आधी चोवीस तासांची मुभा होती.

समुद्रावरच्या दिवशी तलाव नऊनंतर हातचा जातो. टॉवेल टाकून खुर्च्या अडवणारे असतातच, आणि अर्ध्या-पाऊण तासाने टॉवेल उचलण्याचा नियम कर्मचारी क्वचित पाळून घेतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा पुढच्या टोकाकडचे उघडे डेक शोधावेत. तलाव नाही, बार नाही, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. खालच्या बाजूला जहाजाभोवती फिरणारा प्रोमेनाड, म्हणजे चालायचा मार्ग, असेल तर सकाळी चालणारे सोडून तोही ओस असतो. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर पुढचा हेलिपॅड प्रवाशांना खुला असतो. वारा जोरात असला की बंद ठेवतात. फक्त प्रौढांसाठीचा निवांत बसायचा भाग, सोलॅरियम, समुद्राच्या दिवशी भरतं, पण बंदराच्या दिवशी अकरा ते दोन तिथे पुस्तक घेऊन बसावं. खरं तर स्लाइड, स्पा, गरम पाण्याची कुंडं या सगळ्यासाठी बंदराचाच दिवस राखावा, निदान जिथे उतरून बघण्यासारखं विशेष नसेल तिथे.

बुफेची गर्दी सकाळी साडेआठ ते दहा आणि दुपारी बारा ते दीड. शिवाय बहुतेक लोक पहिल्या दाराने शिरतात आणि तिथल्याच रांगेत उभे राहतात. मागच्या टोकाला तेच पदार्थ पुन्हा मांडलेले असतात. रात्रीच्या जेवणात ठरलेली वेळ आणि मोकळी वेळ असे दोन प्रकार. मोकळी वेळ ऐकायला बरी, पण साडेसहा ते साडेसातमध्ये तिथे रांग असते. गर्दी नको असणाऱ्यांनी ठरलेली उशिराची पाळी घ्यावी: मुलांची कुटुंबं लवकरच्या पाळीला जातात, आणि त्या वेळात, साधारण सहा ते साडेसात, वरचा डेक आणि तलाव मोकळा पडतो.

लिफ्टचं गणित शो सुटल्यावर कळतं. हजार-दीड हजार माणसं एकदम बाहेर पडतात आणि सगळी सगळ्यात जवळच्या लिफ्टपाशी थांबतात. खाली जायचं असेल तर जिना, वर जायचं असेल तर त्याच डेकवरून चालत दुसऱ्या टोकाच्या लिफ्टपर्यंत जायचं. जेवणघराच्या वर चार-पाच मजल्यांत खोली घेतली तर निम्म्या वेळा लिफ्टची गरजच पडत नाही, आणि खोली निवडताना हा मुद्दा आम्ही धरतोच.

बंदरांत आपल्यासोबत आणखी किती जहाजं उभी राहणार, ते बंदराच्या वेळापत्रकात आधीच कळतं. काही ठिकाणी आता मर्यादा आहेत: अलास्कातल्या जुनोमध्ये २०२४ पासून दिवसाला पाच मोठी जहाजं, सँटोरिनीत २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवासी. पण पाच मोठी जहाजं म्हणजे सुद्धा छोट्या गावात पंधरा-वीस हजार माणसं. तीन सफरींतून एक निवडायची असेल तर आम्ही या तारखा ताडून बघतो. धक्क्याला लागल्यावर पहिला तास गँगवेपाशी, म्हणजे उतरायच्या पुलापाशी, चेंगराचेंगरी असते. स्वतःच फिरणार असू तर तासभर उशिरा उतरावं आणि परतीच्या शेवटच्या तासाआधी चढावं. जिथे जहाज बाहेर नांगरून छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर नेतात, तिथे कंपनीच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात. एका टेंडरमध्ये शंभर-दीडशे जण मावतात, त्यामुळे तीन हजार माणसं उतरवायला किती फेऱ्या लागतील ते आपलं आपणच बघावं. अशा बंदरात एकतर कंपनीची सकाळची सहल, नाहीतर दुपारी निवांत उतरणं. समुद्र खवळला तर टेंडर बंद होतात, हेही गृहीत धरायचं.

शेवटच्या सकाळी सामान स्वतः ओढत नेणाऱ्यांना सगळ्यात आधी सोडतात. बॅगा झेपण्यासारख्या असतील तर हाच पर्याय, पण त्या रांगेत सातच्या आधी उभं राहायचं, कारण सगळ्या बॅगांसकट लिफ्ट लवकर मिळत नाही. नाहीतर आदल्या रात्री टॅग लावून बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, टॅग उशिराच्या गटाचा मागून घ्यायचा, आणि औषधं, पासपोर्ट व एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत राहू द्यायचा. खोल्या आठ-साडेआठपर्यंत रिकाम्या करायला सांगतात आणि मग सगळे मधल्या चौकात पिशव्यांवर बसतात. त्या वेळी नाट्यगृह आणि वरचे बंद बार मोकळे असतात.